मुंबई ते जेद्दा किती लांब?

मुंबईहून जेद्दाला जाणारं विमान आकाशात स्थिरावलं की समोरच्या खुर्चीच्या पाठीवरचा छोटा पडदा उजळतो. त्यावर नकाशा असतो, नकाशावर एक पांढरं विमान मुंगीच्या चालीनं सरकत असतं आणि खाली आकडे. अंतर सुमारे ३५०० किलोमीटर. वेळ साधारण साडेपाच तास. आपल्या आणि तिथल्या घड्याळात अडीच तासांचा फरक असल्यामुळं सकाळी दहाला मुंबई सोडलेला माणूस तिथल्या दुपारी एकला जेद्दात उतरतो. साडेपाच तास खर्च झाले, पण घड्याळ म्हणतं तीनच झाले.

आमच्या कोकणातल्या खाडीकाठच्या गावात मात्र अंतर कुणी किलोमीटरमध्ये विचारत नाही. जेद्दा किती लांब, असं विचारलं तर आजची पोरं म्हणतात पाच तास. माझी दादी म्हणायची, आठ दिवस. आणि तिच्याही मागं शंभर-दीडशे वर्षं गेलो, तर उत्तर आलं असतं, वर्ष-दीड वर्ष, तेही अल्लाहच्या मर्जीनं. दोन बंदरं जागची हललेली नाहीत. मधला समुद्रही तोच. तरी या एका प्रश्नाला इतकी उत्तरं कशी, ते आज सांगायचं आहे.

सुरुवात वाऱ्यापासून करतो, कारण वारा अजूनही या वाटेवर आहे. हेच विमान जेद्दाहून परत येताना पाऊणएक तास कमी घेतं. थंडीच्या दिवसांत हा फरक जास्त जाणवतो. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहत असतो. जाताना तो नाकासमोर असतो, येताना पाठीशी. पायलट तो हिशेब धरूनच इंधन भरतो. शिडाचा तांडेलही वाऱ्याचाच हिशेब धरायचा. फरक इतकाच, की पायलटची चूक अर्ध्या तासाची असते, तांडेलाची सहा महिन्यांची असायची.

मोसमी हा शब्दच मुळी अरबी मौसिमवरून आला. मौसिम म्हणजे ऋतू, ठरलेली वेळ. नोव्हेंबर ते मार्च अरबी समुद्रावर वारा ईशान्येकडून वाहतो, म्हणजे आपल्याकडून अरबस्तानाकडं. त्या वाऱ्यावर शिडं सोडायची, एडनपर्यंत जायचं, बाब-अल-मंदेबच्या सामुद्रधुनीतून तांबड्या समुद्रात शिरायचं. बाब-अल-मंदेब म्हणजे अश्रूंचा दरवाजा. जेमतेम तीस किलोमीटर रुंदीची ती चिंचोळी जागा, तिथं किती गलबतं फुटली असतील तेव्हा हे नाव पडलं असेल! पुढं हिवाळ्यात तांबड्या समुद्राच्या दक्षिण भागात वारा दक्षिणेकडून मिळतो, पण उत्तर भागात तो बारा महिने उत्तरेकडूनच येतो. हे दोन वारे जिथं भेटतात, त्याच सुमाराला जेद्दा आहे. हिंदुस्थानातली गलबतं तिथपर्यंत जायची आणि थांबायची. जेद्दा मक्केचं बंदर झालं त्यात वाऱ्याचाही वाटा आहे.

परतायचं तर वारा उलटायला हवा. तो मे-जूनमध्ये उलटतो. पण जून-जुलैत आपल्या किनाऱ्यावर समुद्र असा खवळलेला असतो की बंदरं बंद. म्हणून पावसाचा जोर ओसरताना, ऑगस्ट-सप्टेंबरात सुरतेला किंवा मुंबईला पोचेल अशा बेतानं निघायचं.

इथवर ठीक. पण हज चंद्राच्या वर्षावर चालतो आणि वारा सूर्याच्या. चंद्राचं वर्ष ३५४ दिवसांचं, म्हणून हज दर वर्षी अकरा दिवस अलीकडं सरकतो आणि तेहतीसेक वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आता हिशेब मांडून पाहा. एखाद्या वर्षी हज एप्रिलमध्ये आला तर फेब्रुवारीत निघा, सप्टेंबरात घरी या. सात-आठ महिन्यांत काम झालं. पण हज नोव्हेंबरात आला तर? नोव्हेंबरात वारा सुरू होतो तोवर उशीर झालेला. म्हणजे आधीच्या मार्चमध्येच निघायला हवं, आठ महिने तिथं वाट बघायची, हज करायचा आणि परतीच्या वाऱ्यासाठी पुढच्या ऑगस्टपर्यंत थांबायचं. दीड वर्ष! त्यातला समुद्रावरचा काळ महिना-दोन महिने. बाकी सगळं थांबणं. या वाटेची लांबी खरं तर थांबण्यात मोजायला हवी.

थांबणं फक्त वाऱ्यासाठी नव्हतं. अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. बाबराची मुलगी, बादशहाची आत्या, सोबत जनान्यातल्या स्त्रिया. तरी सुरतेला तिला वर्षभर खोळंबावं लागलं, कारण समुद्रावर सत्ता पोर्तुगीजांची होती. त्यांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, त्याशिवाय जहाज हलत नसे. १५७६ साली जहाज सुटलं. बेगम तीन वर्षांहून अधिक काळ अरबस्तानात राहिली, चार हज केले, परतताना एडनजवळ जहाज फुटलं, तिथं महिनोन्‌महिने अडकली आणि १५८२ साली घरी पोचली. सात वर्षं. त्याच काळात दरबारातल्या एका मोठ्या आलिमानं असा कौल दिला होता, की हिंदुस्थानातल्या मुसलमानावर आता हज फर्ज नाही. खुष्कीच्या मार्गावर इराणचे शिया आणि समुद्रावर पोर्तुगीजांचा परवाना, ज्यावर येशू-मरियमचं चित्र. बदायुनीनं हे नोंदवून ठेवलं आहे, आणि नोंदवताना त्याला ते मुळीच आवडलेलं नाही, हेही कळतं. परवान्यावरच्या शिक्क्यानं फर्ज रद्द होतं की काय, हा वाद आज वाचताना हसू येतं. पण पासपोर्टच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला फार वेळ हसू येत नाही.

वाऱ्याचं वेळापत्रक चाच्यांनाही पाठ होतं. १६९५ साली हेन्री एव्हरी हा इंग्रज चाचा तांबड्या समुद्राच्या तोंडाशी दबा धरून बसला. जहाजं केव्हा परतणार हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती, ऑगस्टचा वारा सांगत होता. औरंगजेबाचं 'गंज-ए-सवाई' हे प्रचंड जहाज हाजी आणि व्यापाऱ्यांना घेऊन सुरतेकडं येत होतं. सुरत जवळ आली असताना त्यानं ते लुटलं. जहाजावरच्या स्त्रियांचे जे हाल झाले त्याचं वर्णन खाफी खानानं केलं आहे. बादशहा इतका संतापला की सुरतेतल्या इंग्रजांना कोठडीत जावं लागलं आणि कंपनीचा व्यापार बुडायची वेळ आली. शाळेच्या इतिहासात हे प्रकरण कंपनीच्या नफ्या-तोट्याच्या पानावर येतं. ते मुळात हजहून परतणाऱ्या जहाजाचं प्रकरण आहे.

मग आली वाफ. एकोणिसाव्या शतकात आगबोटीनं वाऱ्याचं राज्य मोडलं. मुंबईचं बंदर मोठं झालं, सुरत मागं पडली. १८६४ साली भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम मुंबईहूनच जेद्दाला गेल्या आणि त्यांनी आपल्या प्रवासाची हकीगत लिहून ठेवली. तीत जेद्दाच्या जकातवाल्यांवरचा राग भरपूर आहे. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रात बोटींची वर्दळ वाढली. भाडं गरिबाच्या आवाक्यात आलं. शेत विकून, दागिने मोडून माणसं निघाली. बोटवाल्यांनी त्यांना डेकवर अक्षरशः कोंबलं.

आणि इथं एक गंमत आहे. बोट वेगवान झाली म्हणून प्रवास तेवढा लहान झाला, असं नाही. १८६५ साली मक्केत पटकीची भयंकर साथ आली आणि हाजींबरोबर युरोपपर्यंत पोचली. युरोप हादरला. पुढच्याच वर्षी इस्तंबूलला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्यातून पुढं तांबड्या समुद्राच्या तोंडाशी कमरान बेटावर क्वारंटाईन सुरू झालं, साल १८८२. हिंदुस्थानातून जाणाऱ्या प्रत्येक हाजीनं तिथं उतरायचं, कपडे वाफेच्या भट्टीत द्यायचे, दहा दिवस उन्हात झोपडीत राहायचं आणि त्याचे पैसेही आपणच भरायचे. बोटीनं जे दिवस वाचवले ते कमराननं घेतले. १८८६ साली सरकारनं हाजींच्या वाहतुकीचं काम चक्क थॉमस कुक कंपनीकडं दिलं होतं, पण काही वर्षांत कंपनीनंच हात झटकले. १८९७ साली मुंबईत प्लेग होता, तेव्हा मुंबई बंदरातून हजची वाहतूकच बंद ठेवली गेली. त्या वर्षी मुंबई ते जेद्दा अंतर किती होतं? मोजताच येणार नाही. असंच पुन्हा झालं ते २०२० आणि २०२१ साली, करोनामुळं बाहेरच्या देशातल्या कुणालाच हजला जाता आलं नाही. विमानं होती, आकाश मोकळं होतं.

आता दादीकडं येतो. दादी १९७७ साली हजला गेली. त्या वर्षी हज नोव्हेंबरात होता, म्हणजे शिडाच्या काळातला सगळ्यात वाईट मोसम. पण जहाज मुघल लाईनचं होतं, 'अकबर' नावाचं, आणि त्याला वाऱ्याची पर्वा नव्हती. मी तेव्हा आठ वर्षांचा. निघण्याआधी महिनाभर दादी गावात घरोघरी फिरत होती. प्रत्येक उंबऱ्यावर एकच बोलणं, काही कमी-जास्त बोलले असेन, माफ करा. शेजारच्या वाडीतल्या पाटलीणबाईंशी तिचं आंब्याच्या झाडावरून वीस वर्षं भांडण होतं. त्यांच्याकडं गेली तेव्हा दोघी ओटीवर बसून रडल्या. झाड कुणाचं हे मात्र तेव्हाही ठरलं नाही.

पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव आणि गाव. आत तांदूळ, सुकट, आंब्याचं लोणचं, दोन जोड कपडे आणि सगळ्यात खाली कफन. ते जमजमच्या पाण्यात भिजवून आणायचं आणि नाहीच परतता आलं तर तिकडंच कामी यायचं. एसटीनं मुंबई, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात चार दिवस मुक्काम, टोचून घ्यायच्या रांगा, कागदपत्रं. मग गोदीतून जहाज सुटलं तेव्हा धक्क्यावर इतकी माणसं रडत होती की मला वाटलं, दादी परत येणार नाही हे सगळ्यांना आधीच ठाऊक आहे.

विमान सरळ जातं. अरबी समुद्र ओलांडून ओमानवर येतं आणि वाळवंटावरून जेद्दाला उतरतं. जहाजाला ही सोय नाही. त्याला अख्ख्या अरबस्तानाला वळसा घालून एडनवरून जावं लागतं. त्यामुळं समुद्रमार्गे हेच अंतर २३०० सागरी मैलांच्या पुढं, म्हणजे जवळजवळ ४३०० किलोमीटर होतं. ताशी बावीसेक किलोमीटरनं ते आठ दिवसांत कापायचं. दादी सांगायची, जहाजावर रोज घड्याळ वीस मिनिटं मागं करायचे. भोंगा वाजायचा आणि सगळे हाजी आपापली मनगटं धरून बसायचे. अडीच तासांचा फरक असा आठ दिवसांत थोडा थोडा अंगात मुरायचा.

तिच्या शेजारच्या बंकवर बिहारची एक बाई होती. दादीला कोकणी आणि मोडकं उर्दू, त्या बाईला तिची बोली. पहिले दोन दिवस दोघींना उलट्या, एकमेकींचं डोकं धरणं हीच ओळख. नंतर दादीनं तिला सुकटीची चटणी खायला शिकवली. सहाव्या दिवशी खालच्या डेकवरचे एक म्हातारे वारले. जनाज्याची नमाज झाली, देहाला वजन बांधलं आणि समुद्रात सोडलं. जहाज तेवढा वेळ मंदावलं होतं, असं दादी सांगायची. नंतरच्या दिवशी पुन्हा भोंगा झाला, यलमलम आलं म्हणून. यलमलम ही मीकातची जागा, म्हणजे जिच्या आत इहराम बांधल्याशिवाय जायचं नाही अशी हद्द. डोंगर दिसत नव्हता, नुसतं पाणी होतं. पण पुरुषांनी आंघोळी करून दोन पांढरी वस्त्रं गुंडाळली आणि सगळं जहाज लब्बैक म्हणू लागलं. बिहारच्या त्या बाईची पत्रं पुढं बारा-तेरा वर्षं येत होती. ती वाचून दाखवायचं काम माझ्याकडं होतं.

मी काही जुनं ते सोनं म्हणणाऱ्यांतला नाही. खालच्या डेकवरचा उकाडा, तेलाचा वास, संडासापुढच्या रांगा, हेही दादीनंच सांगितलं. पुढं माझ्या अम्मीची पाळी आली तेव्हा ती विमानानं गेली आणि दादीनं तिला एकदाही जहाजानं जा असं सुचवलं नाही. तेल महागलं तशी जहाजं परवडेनाशी झाली, जुनीही झाली. १९९५ साली मुंबईहून हजचं शेवटचं जहाज सुटलं. २०१८ साली समुद्रमार्ग पुन्हा सुरू करायची घोषणा झाली होती, त्यातून काही निघालं नाही. त्याच वर्षी हजचं अनुदानही बंद झालं.

विमानाच्या काळानं हजला जे दिलं त्यात मला सगळ्यात आवडतं ते जेद्दाच्या विमानतळावरचं हज टर्मिनल. ते १९८१ साली सुरू झालं. भिंती नाहीत, वर पांढऱ्या कापडाचे दोनशे दहा तंबू, एकेक तंबू पंचेचाळीस मीटर लांब-रुंद. गरम हवा मधल्या गोल झरोक्यातून वर निघून जाते आणि खाली सावलीत हजारो माणसं बसून राहतात. त्याचा एक कर्ता फझलूर रहमान खान, ढाक्याच्या बाजूचा बंगाली इंजिनिअर, ज्यानं शिकागोचा सिअर्स टॉवर उभा केला. त्या काळच्या जगातल्या सर्वांत उंच इमारतीचा हिशेब करणाऱ्या माणसानं हाजींसाठी मात्र तंबू ठोकले! हाजीला इथंही थांबावं लागणार, हे त्यानं ओळखलं होतं.

विमानातल्या मीकातची गोष्ट वेगळी. घोषणा होते, काही मिनिटांत मीकात येणार आहे, आणि ताशी साडेआठशे किलोमीटरच्या वेगात ती हद्द कधी मागं पडली ते कळतही नाही. म्हणून बहुतेक जण मुंबईतूनच इहराम बांधून बसतात. संध्याकाळचं विमान असलं तर आणखी एक चमत्कार दिसतो. विमान सूर्याच्या मागं धावत असतं, त्यामुळं मावळतीचा लाल पट्टा जमिनीवरच्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ टिकतो. रमजानात रोजा धरून पश्चिमेकडं जाणाऱ्याला हा चमत्कार फारसा गोड वाटत नाही. खजूर हातात घेऊन तो खिडकीबाहेर बघत बसतो.

शेवटी माझ्या थोरल्या भावाचं सांगतो. तो जेद्दाला एका कंपनीत वायरमन होता. १९९६ च्या डिसेंबरात, एका बुधवारी रात्री अब्बा वारले. मी तालुक्याच्या गावी जाऊन बूथवरून फोन लावला. मध्यरात्र झाली होती. तो म्हणाला, पाच तासांचं विमान आहे, मला धरा. आमच्यात मातीला उशीर करत नाहीत, पण दुपारच्या नमाजीपर्यंत थांबू असं काकांनी ठरवलं.

भावाचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. देश सोडायचा तर मालकाची मंजुरी आणि सरकारी शिक्का लागायचा. तिकडं तेव्हा गुरुवार-शुक्रवार सुट्टी असे. किल्ली ज्याच्याकडं होती तो साहेब शहराबाहेर गेला होता. शनिवारी कपाट उघडलं, शिक्का मिळेतो दुपार झाली, रविवारचं तिकीट मिळालं. २०२१ साली सौदी सरकारनं बहुतेक परदेशी कामगारांसाठी ही मालकाच्या मंजुरीची अट काढली, घरकामगार सोडून. तेव्हा भाऊ निवृत्त होऊन गावी आलेला होता.

अब्बांना आम्ही गुरुवारी दुपारी मूठमाती दिली होती. तिसऱ्या दिवसाची जियारतही होऊन गेली होती. सोमवारी सकाळी भाऊ एसटीतून उतरला, बॅग माझ्या हातात दिली आणि घरी न येता सरळ कब्रस्तानाकडं चालू लागला. मी त्याच्याबरोबर चाललो. काय बोलावं ते दोघांनाही सुचत नव्हतं. विहिरीच्या वळणावर त्यानं विचारलं, अब्बांना कोणत्या बाजूला ठेवलं, दादीच्या शेजारी का? मी हो म्हटलं. थोडं पुढं गेल्यावर तो म्हणाला, विमान वीस मिनिटं लवकर उतरलं. वारा पाठीशी होता म्हणाले.